औषधाची खिडकी आणि संस्कृतीची भाषा

आपल्या साहित्याने पाणवठा लिहिला. देवळाची पायरी लिहिली, शाळेचा उंबरठा लिहिला, गावकुसाबाहेरचे सारे जिणे लिहिले. दवाखान्याची खिडकी मात्र आपल्या लेखकांनी जाता जाता पाहिली, आणि आपल्या समीक्षकांनी तर ती पाहिलीच नाही. हा माझा आक्षेप आहे, आणि तो मी बाहेर उभा राहून घेत नाही. गेली सव्वीस वर्षे मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभा आहे.

मी समीक्षक नाही. मावळ तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांतून औषधे वाटणारा नोकर आहे. शासनाच्या कागदावर माझे पद ‘औषध निर्माण अधिकारी’ असे आहे. मी निर्माण काही करीत नाही आणि अधिकारही फारसा कशावर चालत नाही. खोकी उतरवून घ्यायची, मुदत बघायची, संगणकावर साठा भरायचा आणि डॉक्टरांनी लिहिलेले औषध मोजून खिडकीतून बाहेर द्यायचे, हे माझे काम. रांगेतली माणसे मला अजूनही ‘कंपाउंडर’ म्हणतात. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा तिन्ही खोऱ्यांतली माणसे माझ्यासमोरून गेली आहेत. भातलावणीत चिखल्यांनी पाय कुजलेल्या बाया, लोणावळ्याच्या बंगल्यांवर राखणीला असलेले म्हातारे, वीटभट्टीवरून आलेली कातकरी पोरे, एक्स्प्रेस रस्त्याकाठच्या हॉटेलांत भांडी घासणारे परप्रांतीय. मुंबई-पुण्याची माणसे लोणावळा-खंडाळ्याला हवा खायला येतात. माझ्या खिडकीपुढची पुष्कळ माणसे वर्षातले कित्येक दिवस हवा खाऊनच काढतात.

हे सारे सांगायचे कारण असे. अलीकडे आरोग्य खात्याच्या वर्तुळात एक नवा शब्द कानी पडू लागला आहे: ‘सांस्कृतिक सुरक्षितता’. रुग्णाला दवाखान्यात आपल्या संस्कृतीसह सुरक्षित वाटले पाहिजे, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. शब्द चांगला आहे. पण चांगले शब्द आपल्या देशात आले की त्यांचे काय होते हे आपण जाणतो. म्हणून हा शब्द कुठून आला, कोणाच्या दुःखातून आला, आणि आपल्याकडे येताना वाटेत त्यातले काय गळून पडले, हे तपासले पाहिजे.

शब्द न्यूझीलंडमधून आला. तिथल्या मूळच्या माओरी लोकांचे देश गोऱ्यांनी घेतले, जमिनी घेतल्या, आणि मग त्यांच्यासाठी दवाखाने काढले. त्या दवाखान्यांत माओरी माणूस शक्यतो जाईना. गेलाच तर उशिरा जाई. गोरे म्हणत, हे लोक अडाणी आहेत, औषध नीट घेत नाहीत. इरिहापेती रॅम्सडेन नावाच्या माओरी परिचारिकेने हा प्रश्न उलटा केला. माओरी माणूस दवाखान्याला का भितो, हे दवाखान्याने स्वतःला विचारावे, असे ती म्हणाली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी केली आणि १९९२ साली तिथल्या परिचर्या परिषदेने ती अभ्यासक्रमात घेतली. त्यावर तिथल्या पांढरपेशा समाजात मोठा गहजब झाला. तो होणारच होता. कारण रॅम्सडेनच्या मांडणीत दोन गोष्टी बोचऱ्या होत्या. एक, सेवा सुरक्षित होती की नव्हती हे सेवा देणाऱ्याने ठरवायचे नाही, घेणाऱ्याने ठरवायचे. दुसरी, परिचारिकेने रुग्णाच्या चालीरीती पाठ करण्याआधी स्वतःकडे पाहायचे: आपण कोण, कुठल्या थरातून आलो, आपल्या हातात कोणती सत्ता आहे आणि ती आपण कशी वापरतो.

म्हणजे मूळ कल्पना सत्तेविषयी होती. आपल्याकडे ती आली तेव्हा सत्ता गळून पडली आणि चालीरीती तेवढ्या उरल्या. मी ज्या प्रशिक्षणांना बसलो त्यांत आम्हाला आदिवासींचे सण, त्यांचा आहार, त्यांच्या ‘समजुती’ शिकवल्या गेल्या. खिडकीच्या आत बसलेल्याची जात कोणती, त्याचे आडनाव त्याला कसे वागवायला शिकवते, याविषयी एक अक्षर निघाले नाही. ‘सर्व संस्कृतींचा आदर करा’ एवढे सांगून चहा आला.

येथे माझा मुख्य मुद्दा आहे. माओरी माणसाची संस्कृती गोऱ्यांनी चिरडली, म्हणून ती जपली जावी ही त्याची मागणी न्याय्य आहे. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याला ज्या संस्कृतीने चिरडले ती आपल्याच गावात, आपल्याच भाषेत बोलत होती, आणि स्वतःला देशाची संस्कृती म्हणवीत होती. दलित रुग्णाला संस्कृतीची सुरक्षितता हवी आहे की संस्कृतीपासून सुरक्षितता हवी आहे? हा प्रश्न जो विचारीत नाही त्याच्या तोंडी हा शब्द निरर्थक आहे.

या प्रश्नाचे पुरावे आपल्या वाङ्मयातच आहेत. फक्त ते या दृष्टीने कोणी वाचले नाहीत. तीन ठिकाणे घेतो.

पहिले ठिकाण १८५५ सालचे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदया’त छापून आला. त्या निबंधाची चर्चा बहुधा धर्मावरच्या तिच्या सवालापाशी थांबते. तो सवाल जळजळीत आहे खराच. पण त्याच निबंधात ती बाळंतिणींविषयी बोलते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, आणि त्या वेळी त्यांना रोग झाला तर वैद्याला आणि औषधाला पैसा कुठून आणायचा, असे ती विचारते. आणि फुकट औषध देणारा माणुसकीचा वैद्य तुमच्यात कोणी झाला काय, असा सवाल टाकते. शाळकरी मुलगी आहे. पण तिने क्रम कसा लावला आहे पाहा. आधी छप्पर, मग रोग, मग पैसा, आणि शेवटी वैद्याची माणुसकी. औषधाला ती या साखळीतून सुटे काढीत नाही. सार्वजनिक आरोग्याचा एवढा नेमका विचार त्या काळच्या कोणत्या शास्त्र्यापंडिताने केला होता? तिच्या शिक्षिकेने पुढे त्या सवालाला आपल्या देहाने उत्तर दिले. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आजाऱ्यांना डॉक्टर यशवंताच्या दवाखान्यात आणीत राहिल्या आणि त्याच प्लेगने १० मार्च रोजी गेल्या. आजाऱ्याला हात लावायचा की नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता कायमचा निकालात काढला होता.

दुसरे ठिकाण बाबासाहेबांच्या इंग्रजीतल्या आठवणींचे. ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ या नावाने आपण ते लिखाण ओळखतो. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले आणि पुढे शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात आले. त्यात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. १९२९ च्या डिसेंबरात ‘यंग इंडिया’त छापलेल्या त्याच्या पत्रावरून बाबासाहेबांनी ती घेतली. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा आला, तोही वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. बाळंतिणीला अर्भकासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया म्हणून सांगितले आणि निघून गेला. औषध त्याने मागाहून पाठवले. पुन्हा तपासायला मात्र आला नाही. बाई वारली.

औषधवाल्याच्या नजरेने ही हकीकत वाचताना मला दरदरून घाम फुटतो. कारण या डॉक्टरच्या कागदपत्रात चूक निघणार नाही. तो आला, ताप पाहिला, निदान केले, औषध दिले. निदान कदाचित बरोबरही असेल. आजच्या संगणकावर ही भेट भरायची तर सगळे रकाने भरलेले दिसतील. फक्त त्याने रोग्याच्या छातीला कान लावला नाही, नाडी धरली नाही, दुसऱ्यांदा तोंड पाहिले नाही. वस्तू पोहोचल्या, माणूस पोहोचला नाही. सुरक्षित नसलेली सेवा म्हणजे काय, याची याहून स्पष्ट व्याख्या मला कोणत्याही प्रशिक्षणात मिळाली नाही. रॅम्सडेनच्या पुष्कळ आधी बाबासाहेबांनी तो दस्तऐवज पुढच्यांसाठी नोंदवून ठेवला होता.

तिसरे ठिकाण बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चे. पुस्तक १९८६ चे, अनुभव त्याआधीच्या दोन पिढ्यांचा. त्यातल्या बाळंतिणी वाचताना घास उतरत नाही. पोटात अन्न नाही, अंगाखाली धड कापड नाही, सुइणींचे अडाणी हात, जखमा, ताप, आणि वाचलीच तर पुन्हा काम. येथे डॉक्टर नाही, औषध नाही, खिडकीच नाही. पण बेबीताईंचे मोठेपण असे की त्या आपल्या माणसांचेही कौतुक करीत बसत नाहीत. अंगात येणे, अंगारे, देवीचे कोप, या साऱ्यांत आपलीच माणसे कशी बुडाली होती हे त्या लपवीत नाहीत. ‘ही त्यांची संस्कृती आहे, तिचा आदर करा’ असे म्हणणाऱ्याने हे पुस्तक उशाशी ठेवून वाचावे. लादलेल्या अज्ञानाला संस्कृती म्हणून गोंजारणे हा आदर नव्हे. माणसाला आहे तिथेच ठेवण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या पाचव्या कलमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून दवाखान्यात प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली तेव्हा रुग्णालय, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यांत जाण्यापासून अडवणे तेथेही स्पष्टपणे घातले गेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून औषधापर्यंत सारे मोफत झाले. मुक्ता साळवेच्या एका सवालाला निदान कागदावर तरी उत्तर मिळाले. हे मी कमी लेखीत नाही. दार उघडले आहे. पण दार उघडणे वेगळे आणि आतला हात पुढे येणे वेगळे. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. दवाखान्यात मुलांशी भेद नेमका कुठे होतो हे त्यांनी पाहिले, तेव्हा औषध देण्याचा क्षण हा एक ठळक क्षण निघाला. स्पर्श टाळून औषध देणे, हातावर न ठेवता वरून सोडणे.

वरून सोडणे. हे मला कोणी शिकवायची गरज नाही. १९७८ च्या सुमाराची गोष्ट. आमचे वडील लोणावळ्याला मालधक्क्यावर हमाली करीत. मला खोकला झाला म्हणून आई मला घेऊन एका खाजगी दवाखान्यात गेली. त्या काळी मिक्स्चरसाठी बाटली घरून न्यावी लागे आणि कंपाउंडर तिच्यावर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवून देई. आमच्या पुढच्या बाईची बाटली त्याने हातात घेतली, भरली, पट्टी चिकटवली. आमची बाटली त्याने आईला फळीवर ठेवायला सांगितली, आणि तिला हात न लावता वरून नरसाळ्याने औषध ओतले. पट्टी आईच्या पदरात टाकली, ‘घरी जाऊन चिकटव’ म्हणाला. गोळ्यांची पुडीही तशीच वरून पडली. आई घरी आली आणि भाताच्या खळीने ती पट्टी चिकटवीत बसली. ती वाकडी बसली. मी त्या वाकड्या खुणांनी औषध प्यायलो आणि बरा झालो. औषध चांगलेच होते.

मी औषधशास्त्राची पदविका घेतली ती त्या नरसाळ्यामुळे, असे मी पुष्कळ वर्षे सांगत आलो. आपला माणूस खिडकीच्या आत बसला की पुडी वरून पडणार नाही, अशी माझी समजूत होती. हीच समजूत आपल्या चळवळीचीही होती. राखीव जागांमागचा एक विचार हाच होता, आणि तो बरोबरच होता. पण पुरेसा होता का? याचे उत्तर देण्यासाठी मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. चार दिवस पाऊस खळला नव्हता. डोंगराकडच्या वाडीवरून एक कातकरी बाई दोन वर्षांचे पोर पाठीशी बांधून आली. पोराला न्यूमोनिया होता. डॉक्टरांनी पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या लिहिल्या. दिवसातून दोनदा, पाच दिवस. रांग मोठी होती. मी गोळ्या मोजल्या, तिच्या तळहातावर नीट ठेवल्या, वरून टाकल्या नाहीत, आणि सांगितले, “सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवल्यावर.” तिने मान हलवली. पाचव्या दिवशी ती परत आली तेव्हा पोराची छाती भात्यासारखी उडत होती आणि तिच्या गाठोड्यात निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या. मी तिच्यावर ओरडलो. “गोळ्या उरल्या कशा? सांगितलेलं कळत नाही का तुला? अडाणी कुठली!” सारी रांग ऐकत होती. ती म्हणाली, “दादा, तुमीच सांगितलं जेवल्यावर दे. आमची चूल सांजचीच पेटते.”

पोराला पुण्याला पाठवले आणि ते वाचले. ते वाचले म्हणून हे लिहिण्याचे धैर्य मला झाले. पण नसते वाचले तरी माझ्या दप्तरात चूक सापडली नसती. साठा बरोबर, नोंद बरोबर, गोळ्या मोजून बरोबर. काठेवाडच्या त्या डॉक्टरइतकाच मी बिनचूक होतो. आणि सगळ्यात लाजेची गोष्ट अशी की त्या औषधाला जेवणाची अट मुळातच नव्हती. अमॉक्सिसिलिन उपाशीपोटीही चालते. ‘जेवल्यावर’ हा शब्द ना डॉक्टरांनी लिहिला होता ना शास्त्राने सांगितला होता. तो माझ्या जिभेच्या सवयीने बाहेर पडला होता. ती सवय दोन्ही वेळ जेवणाऱ्याची होती. माझ्या आईच्या घरी ती नव्हती. ती मी नोकरी लागल्यावर कमावली.

तो शब्द आणि ते ओरडणे, दोन्ही माझ्या अंगात बसलेल्या नव्या जातीचे होते. ‘तू’ कोणाला म्हणायचे आणि ‘तुम्ही’ कोणाला, हे आमच्या खिडकीत कोणी शिकवीत नाही. पण प्रत्येक जण ते पहिल्या आठवड्यात शिकतो. मोटारीतून उतरलेल्याला ‘आपण बसा’, शेतकऱ्याला ‘बोला पाटील’, आणि कातकरी आजीला, ती माझ्या आईच्या वयाची असली तरी, ‘ए बाय, इकडं ये.’ मलाही बदलीच्या पहिल्या दिवशी एका सहकाऱ्याने आडनाव विचारले होते, ते कळेना म्हणून गाव विचारले होते, आणि गावही कळेना म्हणून गावात घर कुठल्या बाजूला असे विचारले होते. तो अपमान मी आजवर विसरलो नाही. पण त्याच तोंडाने मी ‘अडाणी कुठली’ म्हणालो. उतरंडीतल्या माणसाला वरचा पाय दिसतो, स्वतःच्या पायाखाली कोण आहे ते दिसत नाही. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्याचा हा अर्थ मला पुस्तकात कळला नव्हता. तो एका आषाढात खिडकीत कळला.

कातकरी ही महाराष्ट्रात शासन ज्या तीन जमातींना आदिम म्हणून मोजते त्यांपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. कातावरून त्यांचे नाव पडले. जंगल गेले, कात गेला, जमीन तर कधी नावावर नव्हतीच. पवनेचे धरण झाले, घाटात बंगले झाले, आणि दिवाळीनंतर ही माणसे वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर निघून जातात ती पावसाच्या तोंडाला परततात. क्षयाचे औषध किमान सहा महिने चालते. महिन्याच्या महिन्याला या, असा आमचा नियम. भट्टीमालकाची उचल घेतलेला माणूस महिन्याला कसा येणार? मग त्याच्या कार्डावर ‘औषध सोडले’ असा शेरा पडतो. त्याला औषधाने सोडले की त्याने औषधाला, हे शेऱ्यात येत नाही.

त्यांच्या ‘समजुतीं’विषयीही थोडे. गरोदर बायकांना आम्ही लोहाच्या लाल गोळ्या देतो. सहा महिने रोज एक. कित्येक जणी त्या टाकून देतात. याला खात्यात अज्ञान म्हणतात. मी विचारायला लागलो तेव्हा बायांनीच सांगितले: रिकाम्या पोटी घेतली की मळमळते, शौचाला काळे होते तेव्हा भीती वाटते, आणि पोर पोटात फार वाढले तर अडेल, दवाखाना दूर. यातली पहिली दोन कारणे औषधशास्त्राच्या पुस्तकात दुष्परिणाम म्हणून छापलेली आहेत. तिसरे कारण रस्ता नसण्याचे आहे. अज्ञान कुठे राहिले? क्षयाच्या रिफाम्पिसिनने लघवी तांबडी होते. हे आधी सांगितले नाही तर माणूस रक्त जातेय म्हणून औषध बंद करील, आणि तेच शहाणपणाचे होईल. सांगायचे काम माझे होते.

भगताचे समर्थन मी करीत नाही. साप चावलेल्याला मंत्र घालीत बसवून दवाखान्यात जाण्यापासून रोखणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. भगत कोंबडे घेतो, दारू घेतो, आणि मरणाचा दोष देवीवर टाकतो. पण माणसे त्याच्याकडे का जातात याचा विचार आपण केला आहे काय? तो नाव विचारतो. समोर बसवतो. अंगावरून हात फिरवतो. आमच्या खिडकीची उंची अशी आहे की कातकरी बाईला माझे तोंड दिसण्यासाठी टाचा उंचवाव्या लागतात. विज्ञान आमच्या बाजूला आहे आणि स्पर्श त्याच्या बाजूला, ही वाटणी विज्ञानाने केलेली नाही. ती आम्ही केली.

विज्ञान आणि स्पर्श यांची फारकत आपल्या परंपरेलाही मान्य नाही. विनयपिटकाच्या महावग्गात एक अख्खा विभाग औषधांविषयी आहे. कोणत्या आजारात भिक्खूने काय घ्यावे याचे नियम आजाऱ्याकडे बघून बदलत गेलेले त्यात दिसतात. त्याच महावग्गात अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या एका भिक्खूची गोष्ट आहे. कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. भगवंताने आनंदाला पाणी आणायला लावले आणि दोघांनी त्याला आपल्या हाताने धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला जाब विचारला. मावळच्या वेशीवर देहूरोडला बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. दर वर्षी आम्ही तिथे जातो, फुले वाहतो. त्या मूर्तीसमोर उभा राहिलो की आता मला ती गोष्ट आठवते, आणि त्यापाठोपाठ ती बाई.

म्हणून सांस्कृतिक सुरक्षिततेच्या या नव्या भाषेविषयी माझे म्हणणे असे आहे. ती भाषा घ्यावी, पण तिचे दात काढून घेऊ नयेत. खिडकीच्या आत बसणाऱ्याने आधी स्वतःची जात, स्वतःचा पगार आणि स्वतःची जीभ तपासावी, मग तो बाह्मण असो, मराठा असो की माझ्यासारखा बौद्ध असो. औषध हातावर ठेवावे आणि ‘तुम्ही’ म्हणावे. ‘जेवण झाल्यावर’ म्हणण्याआधी ‘चूल किती वेळा पेटते?’ असे विचारावे. ज्याला अन्नाची अट नाही त्याला ती घालू नये, आणि ज्याला आहे त्याला अन्न कुठून येणार हेही दवाखान्याने पाहावे. कामावर जाणाऱ्याला निघण्याआधी पुरेसे औषध द्यावे. पाकिटावर इंग्रजी अक्षरांच्या जोडीला उगवता सूर्य आणि चंद्र काढावा. क्षयाच्या माणसाचा आजार रांगेत ओरडून सांगू नये. हे करायला फार पैसा लागत नाही. पण मनुष्यबळ लागते. एक माणूस, मोठी रांग आणि वेळ थोडा, अशा व्यवस्थेत नम्रता ही चैन ठरते, हे मला ठाऊक आहे. रिक्त जागा न भरणाऱ्या शासनाने आदराची व्याख्याने देऊ नयेत.

आणि आपल्या लेखकांना एक विनंती. आपण वेदना लिहिली, नकार लिहिला. वेदना देणाऱ्याचे तोंड बहुधा परके होते, म्हणून लिहिणे सोपे नसले तरी सरळ होते. आता आपल्यातलेच काही खिडकीच्या आत आलो आहोत. तलाठी झालो, मास्तर झालो, परिचारिका झालो, कंपाउंडर झालो. आमच्या हातून जे घडते त्याचे आत्मकथन अजून यायचे आहे. ते आले नाही तर दलित साहित्य फक्त फिर्यादीचे राहील, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे टाळील.

त्या बाईचे पोर आता शाळेत जाते. ती अजून येते, कधी स्वतःच्या अंगदुखीसाठी, कधी सासूच्या. मागच्या पावसाळ्यात तिला गोळ्या दिल्या आणि विचारले, “कशा घ्याल, सांगा बघू.” तिने सांगितले. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “हे जेवल्याबिगर चालतंय ना, दादा? खरं सांगा.” तिने मला पुन्हा पडताळून पाहिले. मी सुरक्षित आहे की नाही हे ठरवायचा हक्क तिचा होता, आणि तो तिने बजावला. मी म्हणालो, “हे नाही चालत, ताई. ह्याला दोन घास लागतील.” तिने गोळ्या पदरात बांधल्या. दोन घास कुठून येणार, हे तिने विचारले नाही, आणि माझ्याकडे उत्तरही नव्हते.